गार इंजिनावर हात

फसलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात अनुभवी म्हणतात. आजवर मी तीन जुन्या मोटारसायकली घेतल्या. तिन्हींनी मला काही ना काही शिकवलं आणि त्या शिक्षणाची फी मी गॅरेजमध्ये हप्त्याहप्त्यानं भरली. त्यामुळे भाच्याला कॉलेजसाठी जुनी गाडी घ्यायचं ठरलं, तेव्हा माझंच नाव पुढं आलं. "मामा, तुम्ही चला की. तुम्हाला कळतं त्यातलं," तो म्हणाला. स्वयंपाकघरात बायकोनं एक पातेलं गरजेपेक्षा जरा जोरात ठेवलं.

पहिली गाडी बघायला आम्ही सकाळी साडेसातलाच गेलो, तेही सांगितल्या वेळेच्या तासभर आधी. हे अगोचरपणाचं वाटेल, पण गाडी गार असतानाच बघायची असते. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाला पहिली किक मारली की त्याला जे काही खोकायचं असतं ते ते खोकतं. एकदा गरम झालं की दमेकरीसुद्धा भजन म्हणायला लागतो. मी इंजिनाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मालक म्हणाले, "आत्ताच दुकानातून आलो." दुकान उघडायला अजून दोन तास होते. तरी मी गाडी चालवून बघतो म्हणालो आणि भाच्याला त्यांच्याकडे ओलीस ठेवून यवतेश्वरच्या घाटाला लागलो.

चढाला इंजिन ताणलं आणि आरशात निळसर धूर दिसला. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते कार्बोरेटरच्या स्क्रूवर भागतं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. चढाला ताणल्यावर निळा आला तर रिंगा गेल्या. उताराला थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर भपकन आला, तर व्हॉल्व्हचे सील. रिंगा म्हणजे बोअर-पिस्टन, म्हणजे हाफ इंजिन, म्हणजे भाच्याच्या पहिल्या सेमिस्टरची फी. परत आलो तेव्हा भाच्याचा दुसरा चहा चालू होता. मी नको म्हणून मान हलवली, तर त्याला वाटलं मी चहा नको म्हणतोय.

विकणारी माणसं खोटं बोलतात असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते. बहुतेक जण नुसतं अर्धं सांगतात. माझी सध्याची स्प्लेंडर मी २०१२ साली घेतली तेव्हा तिचं पासिंग २००९ चं होतं. "मास्तरांनी वापरलेली आहे," असं सांगण्यात आलं. मास्तर, डॉक्टर आणि 'लेडीज' यांनी वापरलेली गाडी म्हटलं की आपल्याकडे अर्धा सौदा तिथंच होतो. मीटर २१ हजारांवर होतं. आमचे मेस्त्री मात्र मीटरकडे बघतसुद्धा नाहीत. जुन्या गाडीत पुढच्या चाकापासून मीटरला एक केबल जाते. ती काढून ठेवली की गाडी पंढरपूरला जाऊन आली तरी मीटरला पत्ता लागत नाही. मेस्त्री बसले फुटरेस्टच्या रबराशी. गिअरचं रबर, ब्रेकच्या पायपट्टीची नक्षी, मुठी. सगळं गुळगुळीत. मग दोन्ही बाजूंच्या पॅनेलवर बोट फिरवलं. दोन्हीकडं, अगदी एकाच उंचीवर, रंग घासून पत्रा दिसत होता. मागचे शॉकअप पाठीला ओझं घेतलेल्या हमालासारखे दबलेले. "दुधाची गाडी आहे ही," मेस्त्री म्हणाले. "कॅनी घासल्यात."

मी मोठ्या तोऱ्यात मालकांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "अकराला शाळा. त्याआधी दूध घालायचो." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मला एकच सांगितली होती, आणि तीही मी न विचारता. दोन हजार कमी करून मी गाडी घेतली. पहिला पावसाळा संपायच्या आत मागचे शॉकअप, चेन किट आणि कोनसेट बदलले. कमी झालेले दोन हजार आणखी थोडी माणसं घेऊन परत गेले.

भाच्याची दुसरी गाडी सांगलीची निघाली. बघायला फार देखणी: नवी सीट, नवे ग्रिप, टाकीवर नवा रंग. रंगाचा वास नाकात बसला की मला शंका यायला लागते. कृष्णाकाठच्या गाडीला मी हल्ली वेगळे प्रश्न विचारतो. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात पाणी चढलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा चढलं, आणि किती तरी दारातल्या गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर माणसांनी घरं धुतली तशा गाड्याही धुतल्या. त्यात फसवायचा हेतू असतोच असं नाही, जगायचंच होतं. पण गाळ चिकट असतो. हेडलाइटची काच काढली की आत रिफ्लेक्टरवर भिंतीवरच्या पूररेषेसारखी तपकिरी रेघ दिसते. सीटखालच्या वायरिंगच्या जोडांत माती सापडते. स्क्रूंच्या खाचा गंजलेल्या असतात आणि पावसात गाडी मधेच मुकाट बंद पडते. ही रेघ या गाडीतही होती. मालक तरुण होता. रेघ दाखवल्यावर तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "छातीइतकं आलं होतं." आम्ही त्याच्याशी किमतीवरून एक शब्द बोललो नाही. निघालो.

सगळे जण आधी ॲव्हरेज विचारतात. जागेवर उभं राहून तपासता न येणारी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि उत्तर ठरलेलं: "साठच्या खाली येत नाही." त्यापेक्षा टायर बघावा. त्याच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात, ३२१७ म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं. गाडी मेन स्टँडवर लावून मागची चेन चक्रापासून ओढून बघावी. दात कोयत्यासारखे एकाच बाजूला झुकलेले असले तर चेन किटचे पैसे मनात वजा करावेत. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवावं, मधोमध अडखळलं तर कोनसेट. आणि दहा पावलं मागे जाऊन दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघावं. पडलेली गाडी उभी राहते, पण जरा तिरकी.

कागदांबद्दल मी भाच्याला एवढंच सांगितलं की आरसीसुद्धा सातबाऱ्यासारखी वाचायची. कर्ज फिटलं असेल, पण बोजा उतरवला नसेल तर बँकेचं नाव तसंच राहतं. त्याला बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. चेसिस नंबर गाडीवरचा आणि आरसीवरचा एक-एक आकडा जुळवायचा. विकणाऱ्यानं २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही दिली की लोकांना वाटतं झालं, आणि ते फॉर्म कपाटात पडून राहतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं की अपघाताची भरपाई द्यायची वेळ आली तर नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक. म्हणजे नावावर करून घेण्याची घाई घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला असायला हवी.

तिसरी गाडी भाच्यानं घेतली. पहिल्या किकला चालू झाली, धूर नाही, रबरं आणि मीटर एकाच वयाची. दंडाची तीन ई-चलनं थकली होती, तिन्ही हेल्मेटची. ती मालकानं आमच्यासमोर भरली.

आता माझी स्प्लेंडर विकायची आहे. गेल्या रविवारी एक मुलगा बघायला येणार होता. सकाळी बायकोनं कोथिंबीर आणायला सांगितली आणि मी, खरंच सांगतो, जरा लांबच्या मंडईत गेलो. मुलगा आला, काही न बोलता खाली वाकला आणि इंजिनाला हात लावला. शेजारी भाचा उभा होता. तो आभाळाकडं बघायला लागला.

तर गाडी अजून आहे. २००९ चं पासिंग, नूतनीकरण २०२९ पर्यंत, मी दुसरा मालक. आधी दुधाला होती. गार असताना तीन किक लागतात, टॅपेटचा आवाज आहे, मागचा टायर बदलावा लागेल. सकाळी सातच्या आत या, त्यानंतर मी कोथिंबीर आणायला जातो.