फॉर्मवर सगळ्याच ठणठणीत!

माय वं, काय दिवस आले! जळगावच्या रिंग रोडपासून धुळ्याच्या देवपूरपर्यंत बायका भेटल्या की सोन्याच्या भावाआधी विचारतात, "तुझं कितवं सिटिंग?" आखाजीला लेक माहेरी आली की झोक्याच्या आधी लेझरची खुर्ची! नवरदेवही कमी नाहीत, दाढीची रेघ लेझरनं कोरून घेतात म्हणे.

हौस करा हो, त्याचं काही नाही. भानगड वेगळीच आहे. ज्या गल्लीत कोणाची शुगर किती हे दूधवाल्यालाही पाठ, त्याच गल्लीतल्या बाया लेझरच्या फॉर्मवर एकजात ठणठणीत! काही आजार? नाही. गोळ्या चालू? छे! हनुवटीवरचे केस मुळात पीसीओडीनं आलेले, पण लिहायचं कसं? पोरीचं जमायचंय ना! मग लेझर केस जाळतं, बिघडलेले हार्मोन नवे उगवायला लावतात आणि शिव्या खातं बिचारं मशीन.

काकूंची शुगर तीनशेच्या घरात, पण पॅकेज अर्ध्या किमतीत मिळालं! अशा अंगावर चटका बसला तर जखम लवकर भरत नाही, चिघळते. ओठावर सारखे तापाचे फोड उठणाऱ्यांना ते लेझरनं पुन्हा उठू शकतात. आधी सांगितलं तर डॉक्टर गोळी तरी देतात. कोड असेल तर दुखावल्या जागी नवा डाग उमटू शकतो. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांना पूर्वी सरसकट सहा महिने थांबवत. आता केसांच्या लेझरला तज्ज्ञ तेवढं अडवत नाहीत, पण कातडी सोलणाऱ्या खोल लेझरला अजून नकोच म्हणतात.

आणि जळगावकरांनो, हे ऐकाच. संधिवातावर पूर्वी सोन्याची इंजेक्शनं देत. ती घेतलेल्याच्या चेहऱ्यावर डाग घालवणारं क्यू-स्विच्ड लेझर मारलं, तर कातडी निळी-काळी पडू शकते, इंजेक्शनं थांबून वर्षं लोटली तरी! सोनं अंगावर मिरवा, पण अंगात असेल तर बोला.

त्यात आपला वर्ण सावळा. केसांचं लेझर शोधतं काळं रंगद्रव्य. ते केसातलं की कातडीतलं, हे त्याला काय कळतंय! म्हणून सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचं एनडी-यॅग बरं मानतात. पण मेच्या 45 अंशांत स्कुटीवर रापून थेट खुर्चीत बसलं, तर त्याचाही नाइलाज. आणि मशीन धरणारी कुठं शिकली? राष्ट्रीय वैद्यक आयोगाला 2022 मध्ये बजावावं लागलं, की यूट्यूब पाहणं म्हणजे अशा उपचारांचं प्रशिक्षण नव्हे. म्हणजे कोणीतरी पाहून शिकत असणारच की!

भाजल्यावर मात्र या बायांची जीभ सुटते. ओढणीत तोंड लपवून कातडीच्या डॉक्टरांपुढे बसल्या की शुगर, थायरॉईड, पाळी, गोळ्यांची नावं, सगळं धडाधडा. वर दबक्या आवाजात, "डॉक्टर, आमच्या जाऊबाईंचीपण फाईल तुमच्याकडेच आहे ना? त्यांना काय झालंय हो?"