दोन रुपये पगाराचे मंत्री

वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं ते लढाई हरून नव्हे, थकलेल्या बिलापायी. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च निजामाला झेपेना, कंपनीचं देणं चढत गेलं आणि 1853 च्या तहात त्या देण्यापोटी वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे आला. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने तोच मुलूख सालाना 25 लाख रुपये भाड्याने कायमचा घेऊन टाकला. ज्या प्रदेशाचा राजकीय इतिहासच असा उधारीच्या वहीतून सुरू होतो, तिथल्या माणसाला सरकारी पैशावरून होणाऱ्या भांडणाचं नवल वाटू नये. तरीही 2025 च्या ऑक्टोबरात अमेरिकेचं सरकार खर्चाच्या मंजुरीवाचून बंद पडलं आणि 43 दिवस बंदच राहिलं, तेव्हा आपल्याकडच्या पानठेल्यांवर मोठी करमणूक झाली. जगाला अक्कल शिकवणाऱ्यांच्या कचेऱ्यांना कुलूप, आणि आमची तहसील बघा, कर्मचारी जागेवर नसले तरी दार उघडं असतं! हा अभिमान रास्त आहे, पण अपुऱ्या माहितीवर उभा आहे. सरकार बंद पाडण्याचा प्रयोग वऱ्हाडच्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. आज तो बंद दिसत नाही, कारण आपण तो फार सुधारून घेतला आहे.

1923 च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळालं ते देशात एकाच प्रांतात, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. पक्षाचा जाहीरनामाच मुळी आत जाऊन अडवण्याचा होता, त्यामुळे कौन्सिलात जाऊन काय करायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही. जानेवारी 1924 मध्ये मंत्र्यांवर अविश्वास आला. मार्चमध्ये अर्थसंकल्प आला, तेव्हा डॉ. मुंजे, राघवेंद्र राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक मागण्या फेटाळल्या. मंत्र्यांचा पगार तेवढा त्यांनी मंजूर केला. प्रत्येकी दोन रुपये, आणि तेही वर्षाला. मंत्र्यांनी राजीनामे दिले, गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांनी मंत्र्यांकडची ‘सोपीव’ खाती स्वतःकडे घेतली आणि खास अधिकारात सही ठोकून गाडा चालू ठेवला. याला कुणी आडमुठेपणा म्हणेल, म्हणोत. पण त्या व्यवहारात एक गोष्ट फार स्वच्छ होती. पैसा कोणी अडवला, कोणत्या दिवशी अडवला, कोणाच्या मतांनी अडवला आणि शेवटी कोणाच्या सहीने सुटला, हे सगळं कामकाजाच्या नोंदीत होतं. जाब विचारायला नाव आणि पत्ता होता.

पुढचा अंक अर्थातच भाऊबंदकीचा. अमरावतीचे वकील श्रीपाद बळवंत तांबे, याच स्वराज्य पक्षाचे आणि कौन्सिलाचे अध्यक्ष, ऑक्टोबर 1925 मध्ये थेट गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. पक्षात एकच गहजब झाला. पंडित मोतीलाल नेहरूंनी रोगट अवयव कापून टाकण्याची भाषा केली. जयकर, केळकर, मुंजे यांनी उलट विचारलं की विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष झालेले चालतात, खुद्द मोतीलालजी सरकारच्या स्कीन समितीवर बसलेले चालतात, मग तांब्यांनीच काय घोडं मारलं? फेब्रुवारी 1926 मध्ये ही मंडळी अकोल्यात जमली आणि प्रतियोगी सहकार पक्षाची घडी बसवली. 1927 मध्ये प्रांतात पुन्हा मंत्री आले. त्यात एक होते अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख आणि दुसरे, चाणाक्ष वाचकाने ओळखलंच असेल, दोन रुपये पगारवाले राघवेंद्र राव. या खेपेला पगार दोन रुपये नव्हता. अमरावतीच्या माणसाने पक्ष फोडावा आणि अकोल्याने फुटलेल्यांना सतरंजी अंथरून द्यावी, हा श्रमविभाग तेव्हापासूनचा.

आता म्हणाल, हे गुलामगिरीच्या काळातलं झालं. आपल्या संविधानात अशी पाचर ठेवलेलीच नाही. खरं आहे. अनुच्छेद 203 आणि 204 प्रमाणे विधानसभा मागण्या मंजूर करते, विनियोजन विधेयक होतं, वेळ कमी पडला तर 206 मध्ये लेखानुदानाची सोय आहे, आणि मागणीच पडली तर सरकारलाच घरी जावं लागतं. म्हणजे कुलूप कचेरीला न लागता मंत्र्याच्या बंगल्याला लागतं. व्यवस्था सुरेख आहे. तिच्यावर 1985 मध्ये पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट चढलं आणि पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची आमदारकी जाऊ लागली. परिणाम असा झाला की स्वतःच्या सरकारच्या एखाद्या खर्चाला आमदाराचा कितीही विरोध असो, सभागृहात तो ‘होय’च्या बाजूला असतो. पोटात राहिलेला ‘नाही’ जाणार कुठे? तो जातो पोर्चमध्ये, चॅनेलच्या दांड्यासमोर. 1924 चा स्वराज्य पक्षीय आत अडवायचा आणि बाहेर त्याबद्दल भाषण करायचा. आजचा सत्ताधारी आमदार आत मंजूर करतो आणि बाहेर येऊन, आमच्या मतदारसंघावर अन्याय झाला, म्हणून डोळे पुसतो.

पुरावा हवा असेल तर फार मागे जायला नको. जून 2022 मध्ये शिवसेनेचे आमदार सुरत, गुवाहाटी असे फिरत होते, तेव्हा त्यांच्या तक्रारींत ठळक तक्रार होती की अर्थमंत्री अजित पवार आपल्या पक्षाला भरभरून देतात आणि आम्हाला कोरडं ठेवतात. त्या यात्रेत आपला वाटाही होताच. अचलपूरचे बच्चू कडू आणि मेळघाटचे राजकुमार पटेल गुवाहाटीला पोचले. बाळापूरचे नितीन देशमुख सुरतेहूनच परतले आणि आपल्याला जबरदस्तीने नेल्याचं सांगू लागले. निधीच्या अन्यायाविरुद्धचं हे बंड यशस्वी झालं, आणि वर्ष पुरतं उलटलं तोच, जुलै 2023 मध्ये, अजित पवार त्याच सरकारात आले आणि त्यांच्याकडे पुन्हा अर्थखातं आलं. कोरडं ठेवणारा हात तोच, फक्त या खेपेला तो आपल्या घरचा. मधल्या काळात अमरावतीत आमदार रवी राणांनी कडूंवर गुवाहाटीला जाण्यासाठी खोके घेतल्याचा आरोप केला, कडूंनी पुरावा नाहीतर परिणाम असा इशारा दिला, मुंबईत समेट झाला आणि 31 ऑक्टोबर 2022 ला राणांनी शब्द मागे घेतले. सत्तेला पाठिंबा देणारे दोन आमदार, एकच जिल्हा, आणि भांडण शेवटी पैशावरच येऊन थांबलेलं.

सर्वांत बोलका प्रसंग मे 2025 चा. लाडक्या बहिणींच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी 30 लाख आणि आदिवासी विकासाचे 335 कोटी 70 लाख वळते झाले. सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट भडकले आणि या खात्याची गरजच नसेल तर ते बंद करून टाका, असं सुनावून मोकळे झाले. वॉशिंग्टनमध्ये विरोधक अशी धमकी देतात. आपल्याकडे खुद्द खात्याचा मंत्री देतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खात्यात कामावर रुजू असतो. हसू येतं, पण जरा थांबून विचार करा. हे साडेसातशे कोटी वळल्याची बातमी राज्याच्या घराघरांत पोचवली कोणी? आदेश निघाला होता, तो वाचायची सवय कुणाला नव्हती. महालेखापरीक्षकांचा अहवाल यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तो अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवण्याची आपली परंपरा आहे. बातमी फुटली ती शिरसाटांच्या रागाने. माझं म्हणणं एवढंच की युती-आघाड्यांतलं निधीचं भांडण हे महाराष्ट्रातलं एकमेव वेळेवर होणारं लेखापरीक्षण आहे. ‘मतभेद नाहीत, आम्ही एकदिलाने काम करतो’ असं तिन्ही पक्ष एका सुरात सांगू लागले की करदात्याने आपला खिसा चाचपावा.

निधी वळवण्यावर मुख्यमंत्री फडणवीसांचं उत्तर होतं, आणि ते पोरकट नव्हतं. अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा ठेवावा लागतो. त्या समाजातल्या बहिणींना जो हप्ता जातो तो हिशेबात त्याच खात्याखाली दाखवावा लागतो. म्हणून याला पळवणं म्हणता येणार नाही. हिशेबनिसाच्या अंगाने हे बरोबरही असेल. धारणीच्या कोरकू बाईच्या हातात 1500 रुपये पडले, तर ते आदिवासी विकासाचे पैसे आदिवासीलाच मिळाले, हे नाकारता येत नाही, आणि तिच्या 1500 रुपयांकडे वाकड्या डोळ्याने पाहण्याचा अधिकार तर नक्कीच मला नाही. पण या वेगळ्या निधीची उपयोजना काढली गेली ती सर्वांना मिळतं त्यापेक्षा अधिक काही या समाजांना मिळावं म्हणून. जे शेजारच्या गावातल्या बिगर-आदिवासी बाईलाही मिळतं, तेच कोरकू बाईला देऊन तिच्या वसतिगृहाच्या खात्यावर मांडायचं, म्हणजे लग्नात वाढलेलं जेवण नवरीच्या स्त्रीधनातून वजा करण्यासारखं झालं. कायदा केला की हे थांबेल, असं भाबडं उत्तरही पुरत नाही. कर्नाटकात 2013 पासून उपयोजनेचा कायदा आहे, आणि तिथल्या काँग्रेस सरकारनेही 2023 मध्ये आपल्या पाच हमींसाठी त्याच पेटीत हात घातला. पक्ष कोणताही असो, वाकडं बोट सगळ्यांना जमतं.

दुसरा आक्षेप अर्थखात्यातले जाणते लोक घेतील: तिजोरीत आवक जशी होते तशीच जावक ठेवावी लागते, यालाच रोख व्यवस्थापन म्हणतात. मान्य. पण मग विधानसभेत जे मंजूर होतं त्याला म्हणायचं काय? 2025-26 चा अर्थसंकल्पच 45,891 कोटींच्या महसुली तुटीचा होता. शिवाय पुरवणी मागण्या: 2024 च्या पावसाळी अधिवेशनात 94,889 कोटी, डिसेंबर 2025 मध्ये नागपुरात 75,286 कोटी. म्हणजे मंजुरीला कुठेच तोटा नाही. तोटा सुरू होतो तो त्यानंतर, बीडीएस नावाच्या त्या संगणकी चाळणीत. अकोल्यातल्या कोणत्याही उपअभियंत्याला विचारा. तो सांगेल की कामाला प्रशासकीय मान्यता आहे, तांत्रिक मान्यता आहे, अर्थसंकल्पात तरतूद आहे, काम झालेलं आहे, बिलही तयार आहे, फक्त बीडीएसवर निधी नाही. 2025 मध्ये कंत्राटदारांच्या संघटना थकबाकीचा आकडा सुमारे 89 हजार कोटी सांगत होत्या. घेणेकऱ्याने सांगितलेला आकडा आहे, तेव्हा मीठमसाला धरून निम्मा करा; तरी तो लाडक्या बहिणीसाठी ठेवलेल्या त्या वर्षीच्या 36 हजार कोटींच्या पुढे जातो. अमेरिकेत पैसा मंजूर होत नाही म्हणून काम थांबतं. आपल्याकडे पैसा मंजूर होतो, काम होतं, आणि थांबतो तो ज्याने काम केलं तो माणूस. या बंदाला तारीख नसते, मतदान नसतं, आणि सर फ्रँक स्लाय यांच्यासारखी सही करून बदनाम व्हायला कुणी तयारही नसतं.

भांडणाचा मी एवढा पुरस्कार करतो आहे, तर त्याची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. भांडण तिथेच होतं जिथे काही मिळण्यासारखं असतं. जानेवारी 2025 मध्ये पालकमंत्र्यांची यादी निघाली तेव्हा रायगडासाठी महामार्गावर टायर जळाले आणि रायगड-नाशिकच्या नेमणुका दुसऱ्याच दिवशी स्थगित झाल्या. त्याच यादीत अमरावती नागपूरच्या बावनकुळेंकडे आली, अकोला खामगावच्या फुंडकरांकडे. कुणी टायर जाळणं सोडा, साधी अगरबत्तीही पेटवली नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीवर कोणी बसावं यासाठी ज्या जिल्ह्यात रुसवेफुगवेही होत नाहीत, त्याचं वजन वेगळं सांगायला नको. आणि जिथे भांडण होतं पण आपण त्यातला पक्ष नसून नुसता ओलीस असतो, तिथली गत तर आणखी वाईट.

विदर्भाच्या वैधानिक विकास मंडळाचं तसं झालं. संविधानाच्या अनुच्छेद 371(2) खाली 1994 मध्ये ते मंडळ आलं. दांडेकर समितीने 1984 मध्ये मोजलेला अनुशेष, त्यात अमरावती विभागातल्या सिंचनाचं दुखणं, यावर लक्ष ठेवणारी तेवढी एक खिडकी होती. 30 एप्रिल 2020 ला तिची मुदत संपली. तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारने मुदतवाढ दिली नाही, आणि मार्च 2021 मध्ये तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी विधानसभेत कारणही सांगून टाकलं: राज्यपाल ज्या दिवशी आमची विधान परिषदेची 12 नावं जाहीर करतील, त्या दिवशी आम्ही मंडळं जाहीर करू. विरोधी बाकांवरून फडणवीस कडाडले की विदर्भ-मराठवाड्याला ओलीस ठेवलं आहे. ते खरंच होतं. मग सरकार बदललं, सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मंडळं पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला आणि प्रस्ताव दिल्लीच्या दिशेने मार्गस्थ झाला. त्या 12 जागांपैकी सात जागा 15 ऑक्टोबर 2024 ला भरल्या. दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर व्हायची होती, म्हणून सात जणांचा शपथविधी घाईघाईने त्याआधी उरकून घेतला गेला. मंडळासाठी तेवढी घाई कुणाला नव्हती.