आधी उसाचं बिल काढून दाखव!

कोडिंगला कुठला एआय घ्यायचा? कोपायलट, कर्सर, क्लॉड कोड की जेमिनी? बारामती-इंदापूरच्या कॉम्प्युटरच्या पोरापोरींनी याचं उत्तर यूट्यूबवर शोधू नये. तिथे जो तो दोन मिनिटांत टू-डू लिस्टचं ॲप बनवून दाखवतो. आपल्याकडे टू-डू लिस्टवर कुणाचं घर चालत नाही, उसाच्या बिलावर चालतं. मग परीक्षाही उसाच्या बिलाचीच घ्या.

२०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, अशी: १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३.४६ रुपये जास्त, घटला की तेवढेच कमी. मात्र कारखान्याचा उतारा ९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी दर ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही.

यातली शेवटची अट मुद्दाम सांगू नका. बाकीचं सांगून पायथॉनमध्ये कोड मागा आणि उतारा ९ टक्के टाका. काही न विचारता कोड दिला, तर उत्तर येईल ३११.७५. क्विंटलला १७.३० रुपये कमी, म्हणजे शंभर टनांना १७,३०० रुपयांचा खड्डा. एकही एरर दिसणार नाही, स्क्रीनवर सगळं हिरवंगार. जो असिस्टंट आधीच विचारेल, ‘उतारा फार घसरला तर किमान दर काय?’, तो कामाचा. तसंच, नियम ०.१ टक्क्याच्या पायरीचा, मग मध्येच येणाऱ्या १०.३१ उताऱ्याचं काय करायचं, हे जो परस्पर ठरवून मोकळा होतो, त्याच्या हाती कारखान्याचा हिशेब देऊ नका.

आता वेगाबद्दल. २०२५ मध्ये ‘मेटर’ या संशोधन संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपर घेतले आणि त्यांच्या रोजच्या प्रोजेक्टमधली २४६ कामं तपासली. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. खरी गंभीर गोष्ट पुढे आहे: काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला. मुरलेल्यांचा अंदाज इतका चुकतो, तर नवख्यांनी ‘भारी वाटतं’ एवढ्यावर निवड करू नये. घड्याळ लावा.

पैशांबद्दल. कोपायलट पडताळणी झालेल्या विद्यार्थ्यांना फुकट मिळतो, कर्सर आणि जेमिनीच्याही मोफत योजना आहेत. दर महिन्याला डॉलर मोजायची घाई नको. पण फुकट आहे म्हणून कारखान्याच्या सभासदांचे आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक त्यात चिकटवू नका. तो डेटा तुमचा नाही. चाचणीला खोटी नावं आणि खोटे आकडे पुरतात.

बारामतीला हे शहाणपण कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात एआय आणला, तेव्हा सोबत मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड ही नावं होती. तरीही आधी शारदानगरला उसाचे प्लॉट करून पाहिले, मग तंत्रज्ञान शेतकऱ्यांच्या रानात नेलं. नाव मोठं म्हणून परीक्षा टळली नाही. कोडच्या बाबतीतही तोच रिवाज हवा.

प्रोजेक्ट गाइड मास्तरांनाही सांगणं आहे. एआय वापरायला बंदी घालू नका, ती कुणी पाळणार नाही. व्हायव्हात कोडच्या एका ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ‘ही ओळ काढली तर काय बिघडेल?’ उत्तर आलं तर मार्क द्या. नाही आलं तर तो प्रोजेक्ट त्या मुलाचा नाही.

कुठला घ्यावा, याचं माझं उत्तर सरळ आहे. आधी पाच उताऱ्यांचं बिल कागदावर स्वतः काढा, मग दोन असिस्टंटना तेच काम द्या. जो जास्त प्रश्न विचारतो आणि ज्याची चूक तुम्हाला पकडता येते, तो ठेवा. कागदावर बिल काढता येत नसेल, तर एकही घेऊ नका. आधी हिशेब शिका.