नुसतंच फिरायला

रत्नागिरी तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत सकाळी पायी निघालात, की पहिल्याच गडग्याआडून प्रश्न येतो, "काय वो, कुठं चाललाव?" याची मान्य उत्तरं ठरलेली आहेत. दळण, रेशन, तलाठी, बँकेतली केवायसी, कलमांवरची फवारणी, कुणाचं तरी बारावं. यातलं एखादं सांगितलंत की विचारणारा मान डोलावून आपल्या कामाला लागतो. "नुसतंच फिरायला" म्हणालात तर मात्र तो हातातली कोयती खाली ठेवून जवळ येतो. माणूस एवढी लपवाछपवी करतोय त्या अर्थी मामला जमिनीचा असणार. दिवेलागणीपर्यंत तुम्ही कलमं विकायला काढल्याची बातमी पार खालच्या वाडीत पोचलेली असते, आणि तीही भावासकट.

अलीकडे यातून एक सुटका निघाली आहे. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणायचं. शुगर असलेल्या माणसाला आमच्याकडे बिनकामाचं चालायचा पूर्ण अधिकार आहे. भाट्याच्या पुळणीवर किंवा थिबा पॉइंटला सकाळी जी मंडळी हात हलवत चालताना दिसतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी कपाटात रक्ताचा रिपोर्ट असतो. केवळ समुद्र बघायला म्हणून कुणी आलंच असेल, तर ते चारचौघांत कबूल करत नाही.

अशा मुलखात माझी भाची मे महिन्यात इंग्लंडहून नवरा आणि दोन मुलांसकट आली आणि म्हणाली, "मामा, आपण सगळे मिळून एक छानसा वॉक करू या. आजीलाही जमेल आणि पिल्लूलाही जमेल असा." आजी म्हणजे माझी आई, वय ८०. पिल्लू ४ वर्षांचं.

भाची ग्लॉस्टरशायरमधल्या एका खेड्यात राहते. तिथे म्हणे रविवारी अर्धं खेडं चिखलाचे बूट चढवून घराबाहेर पडतं. गावातल्या दुकानात अशा फेऱ्यांची पत्रकं मिळतात. बाबागाडी कुठवर जाईल, वाटेत फाटकं किती, गाई कुठल्या कुरणात, चिखल कुठे, शेवटी पब कुठला, सगळं छापलेलं. फेरी बहुधा गोल असते. जिथून निघालात तिथेच परत. हे ऐकल्यापासून आईला एकच कोडं पडलं होतं. "परत तिथेच यायचं, तर निघायचं कशाला?"

आता इंग्रजांनाही ही चैन आयती मिळालेली नाही. १९३२च्या एप्रिलात मँचेस्टरकडची शेकडो कामगार पोरं किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मालकाचा मज्जाव मोडून चढली. रखवालदारांशी झटापट झाली, पाचजण तुरुंगात गेले. पुढे १९४९ साली कायदा झाला, गावोगावच्या पायवाटा सरकारी नकाशावर चढवायचं ठरलं. २००० साली आणखी एक कायदा होऊन माळरानं आणि डोंगरही चालणाऱ्यांना मोकळे झाले. आज इंग्लंड-वेल्समध्ये सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास अशा हक्काच्या वाटा आहेत, आणि त्या खुशाल कुणाच्याही शेतातून जातात. भाचेजावयांनी हा इतिहास सांगितला तेव्हा आई अडकित्ता बाजूला ठेवून ऐकत होती. इतका वेळ तिला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटत होता. पाचजण आत गेले म्हटल्यावर ती एकदम सावरून बसली. "म्हणजे केस झाली होती!" वॉकला तिची मंजुरी मिळाली ती त्या क्षणी.

कारण वाटेच्या बाबतीत इंग्रज आणि रत्नागिरीकर यांचं गोत्र एकच. एखादी वाट लोकांनी २० वर्षं उघडपणे, कुणाला न विचारता, अखंड वापरली की ती त्यांच्या हक्काची, असा तिकडचा नियम आहे. आमच्याकडे ईझमेंटचा १८८२चा कायदा आहे आणि त्यातही शेजाऱ्याच्या जमिनीतल्या वहिवाटीला वर्षं २०च. शेताची वाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडे जायला मामलेदार कोर्टाचा १९०६चा कायदा आहे. कोकणातल्या शाळकरी पोराला पाढे येण्याआधी 'वहिवाट' आणि 'मनाईहुकूम' हे दोन शब्द येतात. फरक असला तर पुढचा. तिकडे खटला जिंकल्यावर लोक त्या वाटेने चालू लागले. आमच्याकडे ज्या पाखाडीसाठी दोन पिढ्या कोर्टात गेल्या तिच्यावर आज रानमोडी माजली आहे. वादी आणि प्रतिवादी दोघेही डांबरी रस्त्याने दुचाकीवरून जातात. तारखेलासुद्धा.

गंमत बघा, स्वतःच्या देशात पायवाटांचे एवढे सुबक नकाशे काढणाऱ्या इंग्रजांनी रत्नागिरी निवडली ती माणसांनी कुठेही फिरू नये म्हणून. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८६ साली इथे आणून ठेवला, तो १९१६ साली इथेच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ जिल्हा ओलांडायची बंदी. राजवाडा दिला, सृष्टिशोभा दिली, पण कुठे चाललात हे सांगितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ही अट बाकीच्या रत्नागिरीकरांना कुठल्याही सरकारी हुकमावाचून लागू आहे, हे बहुधा त्या साहेबांच्या लक्षात आलं नसावं.

वॉकचा मार्ग मी ठरवला. घरापासून पाखाडीने खालची वाडी, पऱ्यावरचा साकव, ग्रामदेवतेचं देऊळ, मग मळ्याच्या मेरेवरून वळसा घालून परत घरी. गोल फेरी, दीड किलोमीटर. सकाळी ७ वाजता निघालो. भाचेजावयांच्या हातात दोन घडीच्या काठ्या, पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी, मनगटावर पावलं, चढ, ठोके आणि बहुधा पूर्वजन्मही मोजणारं घड्याळ. मुलांच्या नाकांना पांढरं मलम. आईकडे छत्री आणि एक जड कापडी पिशवी. "आजी, त्यात काय आहे?" "आमसुलं आहेत, दोन नारळ आहेत. वाटेत घरं आहेत ना?" भाची हसली. पत्रकात घरांचा रकाना नसतो.

पाखाडी म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांची बांधीव पायवाट. चढ असेल तिथे पायऱ्या, दोन्ही अंगांना गडगे, वर आंब्या-फणसांची सावली. डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली तर दुसरीला अंग चोरून उभं राहता यावं, एवढी रुंदी. ग्लॉस्टरशायरची पायवाट घरापासून सभ्य अंतर राखून जाते. आमची पाखाडी सरळ खळ्यात शिरते, तुळशीवृंदावन आणि पडवी यांच्यामधून वाट काढते आणि न्हाणीघराच्या मागून बाहेर पडते. तेव्हा कुणाच्याही घरावरून 'सहज' जाणं ही गोष्ट बांधकामातच बसत नाही.

पहिलं बेडं आलं आणि मुलं खूश झाली. दोन दगडी खांब, त्यांना भोकं, भोकांत आडवे सरकवलेले बांबू. बांबू काढायचे, आत जायचं, पुन्हा घालायचे. गुरं आत येत नाहीत, माणसं येतात. तिकडच्या कुरणांनाही म्हणे अशीच गुरांना चकवणारी फाटकं असतात. थोरल्या नातवाने ते बेडं इतक्या वेळा काढलं-घातलं की घरातून हाक आली, "कोण हाय रं?"

मग सुरू झाला वॉक. ही कोण, म्हणजे कुणाची, म्हणजे देवरुखला दिली ती का, नाय ती धाकटी, मग ही थोरलीची, आणि जावई कुठले. जावई साताऱ्याचे निघाले तेव्हा क्षणभर शांतता पसरली, पण इंग्लंडात नोकरी आहे म्हटल्यावर घाटावरचा जन्म माफ झाला. कोकम सरबत आलं. पिशवीतून आमसुलं निघाली. ज्या घराच्या पाठीमागे तीन रातांबे आहेत त्या घरात आईने आमसुलं दिली आणि त्यांनी ती "कशाला हो" म्हणत घेतली. निघताना त्यांनी आम्हाला आमसुलंच दिली.

दुसऱ्या घरी चहा. तिसऱ्या घरी घावन आणि फणस. इथे कापा की बरका यावर भाचेजावयांचं मत विचारण्यात आलं. त्यांनी अजाणतेपणी बरका म्हटलं आणि पुढचा अर्धा तास ते हाताला खोबरेल तेल चोळत बसले. घड्याळाने मध्येच आवाज करून विचारलं, व्यायाम संपला का? पिल्लू प्रत्येक घरी इंग्रजीतून सांगत होतं की आम्ही वॉकला चाललो आहोत. "होय गो बाय, जा हां, पन आदी वाईच बस," असं म्हणून प्रत्येक घर त्याला उचलून आत नेत होतं. चौथ्या घराशी काठ्या घडी होऊन पिशवीत गेल्या, कारण त्या घरच्या आजोबांना वाटलं, एवढ्या तरण्या माणसाच्या पायाला काय झालं, आणि त्यांनी माळ्यावरून कसलंसं तेल काढायला घेतलं.

"मामा, कुठेही न थांबता ही फेरी होऊच शकत नाही का?" भाचीने हळूच विचारलं. मी तिला शिमग्याची आठवण दिली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावभर फिरते. रस्ता ठरलेला, मानकरी ठरलेले, आणि तरी दर घरी टेकायचं, ओटी घ्यायची, गाऱ्हाणं ऐकायचं, एखादं घर चुकलं तर पुढल्या वर्षीपर्यंत बोलणी खायची. गाव मोठा असेल तर यात कितीतरी दिवस जातात. जिथे देवीला एका दमात गावातून फिरून येता येत नाही, तिथे आपण कोण?

साडेअकराला साकवापर्यंत पोचलो. पऱ्यात पाणी नव्हतं, पण साकव ओलांडल्याचा फोटो झाला. देवळात टेकलो. परतीच्या मेरेवर सावलीचं नाव नाही, तरी माणसंही नाहीत म्हणून भाचेजावई तिथे जवळजवळ धावले. घड्याळाचा निकाल: अंतर दीड किलोमीटर, वेळ साडेपाच तास, वजनात वाढ.

त्यांची चालण्याची हौस मग मी दुसऱ्या तऱ्हेने भागवली. पहाटे गाडी काढून उक्षीच्या सड्यावर नेलं. इथे कातळात कोरलेला हत्ती आहे. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही नावं आता जगाच्या कागदावर आहेत. सडा मोकळा, वारा भन्नाट, घर एकही नाही. भाची आणि जावई सुखावले. आई हत्तीकडे बघून म्हणाली, "बघा, हजारो वर्षांपूर्वीची माणसंसुद्धा इथे नुसती फिरायला आली नव्हती. काम करून गेली."

गणपतीपुळ्याला मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं. तिथे अख्खा डोंगरच देव, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला. साधारण किलोमीटरभराची फरसबंद वाट, एका अंगाला समुद्र, जिथून निघालो तिथेच परत. बाबागाडी गेली असती. इथे आईचं ते कोडंही सुटलं. प्रदक्षिणा म्हणजे परत तिथेच यायचं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

इकडे गावात वरच्या वाडीने फुगून बसायचं ठरवलं होतं. इंग्लंडचे पाहुणे खालच्या वाडीत घरोघर जेवले आणि वर ढुंकूनही पाहिलं नाही, असा निरोप दूधवाल्याकडून आला. पुन्हा बूट, पुन्हा मलम, पुन्हा पिशवी. या खेपेला जावयांनी घड्याळ घरीच ठेवलं आणि कापा मागितला.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना आईने भाचीच्या हातात आमसुलांचं एक वेगळं पुडकं ठेवलं. "हे त्या शेतकऱ्याला."

"कुठल्या?"

"ज्याच्या कुरणातनं दर रविवारी जाता त्याला. रिकाम्या हाताने कसं जाता गं?"

"आजी, आम्ही त्याला कधी पाहिलेलंही नाही."

आई खरोखरच काळजीत पडली. "वर्षानुवर्षं त्याच्या जमिनीतनं चालता आणि ओळख नाही? उद्या त्याने वाट अडवली, तर साक्षीला कोण उभं राहील?"