मान मोडेस्तोवर

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'पॅन्डेमिक' हा शब्द उच्चारला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत कोणी केक केले, कोणी गच्चीत टोमॅटो लावले. प्रस्तुत लेखकाने मराठी भाषेला एक शब्द द्यायचं ठरवलं. भाषेने तो मागितला नव्हता, पण मराठीवर उपकार करणारे तिला कधी विचारत बसलेत?

'महामारी' त्याला पसंत नव्हता. वाहिन्यांवरचे निवेदक तो हिंदीतून उचलून आणतात, असं त्याचं ठाम मत. देवीमाहात्म्यात 'महामारी' हे खुद्द देवीचंच रूप म्हणून आलंय, असं शेजारच्या निवृत्त बाईंनी अदबीने सांगून पाहिलं. मत ठामच राहिलं. मग त्याने थेट चरकसंहितेचं विमानस्थान गाठलं. तिथे तिसऱ्या अध्यायात मुलुखच्या मुलूख ओस पाडणाऱ्या रोगराईला नाव आहे: जनपदोद्ध्वंस. हवा, पाणी, देश आणि काळ बिघडले की एरवी वेगवेगळ्या प्रकृतीची माणसंही एकदमच एका रोगाने जातात, असं तिथे म्हटलंय. विचार झकास, शब्द भारदस्त, जोडाक्षरं भरपूर. लेखकाने तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तासाभराने सेक्रेटरींचं उत्तर आलं, "काका, हे टाकी धुण्याबद्दल आहे का?"

लोकांचा रोजचा शब्द अर्थातच 'साथ'. तापाची साथ, डोळ्यांची साथ, आणि गाण्याला तबल्याची तीही साथच. यावरून 'साथीच्या काळात एकमेकांना साथ' ही कोटी त्या वर्षी इतक्या भाषणांतून पसरली, की मुखपट्टी खरं तर तिच्यासाठी हवी होती.

सरकार मात्र शब्दांच्या भानगडीत पडलं नाही. १३ मार्चला त्याने महाराष्ट्रात १८९७ चा साथरोग कायदा बाहेर काढला. मुंबईच्या प्लेगपायी घाईघाईने केलेला, मुळात जेमतेम चार कलमांचा. आणि 'धोकादायक साथ' म्हणजे काय, याची व्याख्याच त्यात नाही! हे वाचून लेखक आधी खूश झाला. म्हणजे साहेबालाही शब्द सापडला नव्हता तर. मग त्याच सालचं पुणं आठवलं, आणि खुशी ओसरली. त्या मोघम अधिकाराच्या जोरावर गोरे सोजीर देवघरापर्यंत घुसले, बायाबापड्यांना रस्त्यावर उभं करून तपासलं, सामान बाहेर आणून जाळलं. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा बंदोबस्त पाहणाऱ्या रँडवर गोळी झाडली गेली, हे शाळेत पाठ होतं. त्याआधी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता स्वतःला लागण होऊन सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या गोष्टी रंगवून सांगताना ही तारीख कित्येकदा राहूनच जाते. याची लेखकाला मनापासून चीड येते. चिडला की तो शब्दकोश उघडतो.

आणि तिथे त्याला मोडशी भेटली.

मोडशी म्हणजे आज आपल्याला पोट बिघडणं. चिमूटभर ओवा-सैंधव, वर कोमट पाणी, की खलास. पण या बाईचा पूर्वेतिहास मोठा आहे. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ छापून निघाला. त्यात जुलाब-वांत्यांनी माणूस काही तासांत संपवणाऱ्या रोगाचं वर्णन आहे, आणि इथले लोक त्याला 'मोर्शी' म्हणतात अशी नोंद आहे. (ग्रंथ संवादरूपात आहे. रुआनो नावाचे एक डॉक्टर प्रश्न विचारतात आणि ओर्तासाहेब विद्वत्तापूर्ण उत्तरं देतात. हे रुआनो ओर्ताने स्वतःच निर्माण केले होते. वेळेवर योग्य प्रश्न विचारणारा असा माणूस लेखकाला आजवर घरात किंवा बाहेर कुठेही मिळालेला नाही.) पोर्तुगीजांनी त्याचं 'मोर्देशीं' केलं. फ्रेंचांच्या कानाला ते 'मोर द शियें' ऐकू आलं, म्हणजे कुत्र्याचं मरण! मराठीतही आपण कोणी वाईट गेला की 'कुत्र्याच्या मौतीने मेला' म्हणतोच. हाल एवढे होत, की चुकीचं ऐकूनही फ्रेंचांना नाव पटलं असणार.

मूळ धातू साधा, मोडणे. मग लेखकाला जिकडेतिकडे मोडणंच दिसू लागलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला आपल्याकडे नाव होतं मानमोडी. डेंग्यूला हाडमोड्या ताप. चिकनगुनियासुद्धा कोंबडीवरून आलेला नाही. टांझानियातल्या माकोंडे भाषेतला तो शब्द, वाकून दुमडून जाण्याबद्दलचा. म्हणजे तिकडच्या आजाऱ्यालाही जे दुखलं, तेच त्याने सांगितलं. लेखकाने या विषयावर घरात सलग बोलायला सुरुवात केली तेव्हा बायको म्हणाली, "आता आमची मान मोडायची वेळ आलीय."

मोडशीखालोखाल मान शिव्यांचा. "तुला पटकी आली", "मेल्या, तुला मरीआईनं उचललं" असल्या तळतळाटांत पूर्वीच्या सगळ्या साथी शाबूत आहेत. भांडणात पटकीचं नाव घेणारीने पटकी पाहिलेली असे. मरीआईला शिवीत राबवायचं आणि तिचा गाडा वेशीपार पोचवताना हातही जोडायचे, यात कोणाला काही विसंगत वाटत नसे.

एकीला मात्र शिवीत घ्यायची कोणाची छाती नव्हती. लेखकाच्या आजीच्या गालांवर देवीचे वण होते. नाकाच्या शेंड्याजवळचा एक जरा खोल. पावडर लावली की तेवढ्यात पांढरं साचून राही. "मला देवी आल्या होत्या," ती म्हणे. 'झाल्या' नाही, आल्या. आल्या की घरात फोडणी बंद, दाराला कडुनिंबाचा पाला, आवाज हळू. तिच्या धाकट्या भावाकडेही त्याच आठवड्यात आल्या. जाताना त्याला घेऊन गेल्या, एवढंच ती सांगे, आणि तेही आदरार्थी. १९८० साली जगातून देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आजीने ते ऐकून घेतलं आणि श्रावणातली शीतळा सप्तमी पूर्वीसारखीच पाळली.

या ताज्या पाहुण्याला आदरार्थी बहुवचन कोणी दिलं नाही. नाव परदेशी, तेही लिहायचं कसं यावर वर्तमानपत्रांत फूट: काही 'करोना' छापत, काही 'कोरोना'. लेखक कट्टर करोनावादी. त्याने संपादकांना पत्रं लिहिली, कोरोनावाल्या एका जुन्या मित्राशी बोलणं टाकलं. ज्या दुखण्यावर वैद्याची एकही मात्रा लागू पडत नव्हती, त्यावर हे दोघे वेलांटी-उकारातून सुटून एका काना-मात्रेसाठी हातघाईवर आले होते. मित्राला दुसऱ्या लाटेत लागण झाली. लेखकाने फोन करून चौकशी केली, डबा पाठवला, आणि डब्यावरच्या चिठ्ठीत 'करोना' असंच लिहिलं. मित्राने डबा धुऊन परत पाठवला. चिठ्ठी आत होती, लाल शाईने दुरुस्त केलेली.