एका कांद्याची किंमत

श्टुटगार्ट, रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत. बातमी एकच आहे, आणि ती मामाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. तुमच्या जावयांनी चित्र विकत घेतलं. पोस्टर नव्हे, चित्रकर्तीची पेन्सिलीतली सही असलेलं अस्सल चित्र. किंमत 180 युरो. चित्रात एक कांदा आहे.

आई, रुपयांत हिशेब करू नकोस. केलासच, तर बाबांना सांगू नकोस. एवढ्या पैशांत चाकणच्या मार्केट यार्डातून पिकअप भरून कांदा आला असता, हे त्यांच्या वतीनं मी चित्र घेतानाच बोलून घेतलंय.

सगळं सुरू झालं वाचनालयातून. इथल्या शहर वाचनालयात ग्राफोथेक नावाचा विभाग आहे. तिथून पुस्तकांसारखीच मूळ चित्रं घरी न्यायची, काही आठवडे भिंतीवर लावायची आणि परत करायची. स्थळ बघण्यासारखंच, फक्त नकार कळवला तर कुणी रुसत नाही. पहिलं चित्र आणलं ते सगळं निळं. आठवडाभरात नकोसं झालं. दुसऱ्यातला घोडा पाहून धाकटी रात्री झोपेना. पण त्यातून कळलं, की आमच्या भिंतीला लहान, काळं-पांढरं आणि ओळखीच्या वस्तूचं चित्र मानवतं. विकत घेण्याआधी एवढं कळलं तरी पुष्कळ पैसे वाचतात.

मग गेलो एका चित्रकर्तीच्या कार्यशाळेत. बाई सत्तरीच्या, हात कोपरापर्यंत शाईनं माखलेले. त्या दगडावरून छापतात. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला हाकलतं, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. हे तंत्र 1790च्या दशकात म्युनिकच्या आलॉइस सेनेफेल्डरनं शोधलं. त्याला स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती. हाताशी कागद नव्हता म्हणून आईनं सांगितलेली धुण्याची यादी त्यानं दगडावर लिहिली आणि तिथून पुढची वाट सापडली, असं त्यानंच लिहून ठेवलंय. आई, घरकामाला नाही म्हणणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांग.

तुमचे जावई चाकणला क्वालिटीत होते, हे तिथे लपलं नाही. ‘लॉट किती नगांचा? पहिला नग पास कोण करतं? रिजेक्शनचं काय करता?’ मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. पण बाई खुलल्या! चित्राखाली 7/25 लिहिलंय, म्हणजे पंचवीसपैकी सातवी प्रत. आधी एक नमुना मंजूर होतो आणि बाकीच्या प्रती त्याच्याशी ताडून घेतात. बिघडलेली प्रत फाडतात. लॉट संपला की दगड घासून कोरा करतात. तोच जॉब पुन्हा निघणे नाही. बाबा, म्हणजे तुमच्या टूलरूमचीच शिस्त, फक्त शेवटी निघतो कांदा. दोघं तासभर बोलत होते. उठताना जावयांनी खिशातून पाकीट काढलं, तेही घासाघीस न करता. चाकणला एवढ्या वर्षांत एकाही व्हेंडरला हे सुख मिळालं नसेल.

आता तुमच्यासाठी काम. आजीची लक्ष्मीची तसबीर माळ्यावर आहे ना? ती खाली काढा आणि चित्राच्या खालच्या कडेला रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं बारीक इंग्रजी अक्षरांत छापलंय का ते भिंगातून बघा. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे मळवलीला आला. हो, आपल्या लोणावळा लोकलवरचं कामशेतनंतरचं मळवली! तिथेही असेच दगड होते, एकेका रंगाला वेगळा. पुढे तो छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. चाकणला जर्मन मोटारी बनू लागण्याच्या शंभर वर्षं आधी एक जर्मन आपल्या मावळात लक्ष्मी-सरस्वती छापत होता! 1972च्या आगीत तिथलं बरंच काही जळून गेलं.

नाव सापडलं, तर घरातले पहिले संग्राहक आम्ही नाही, आजी. मात्र इकडे येताना ती तसबीर बॅगेत घालू नका. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू कायदा देशाबाहेर नेऊ देत नाही, आणि विमानतळावर बाबांनी अधिकाऱ्याशी वाद घातलेला मला परवडणार नाही.

आणि आई, दर दिवाळीला तू ती ओल्या फडक्यानं पुसतेस, ते यंदापासून बंद. नवी चकचकीत फ्रेमही करू नका. उन्हात नको, ओलीच्या भिंतीवर नको. फार तर कोरड्या मऊ फडक्यानं काचेवरची धूळ झटक, आणि हळदीकुंकू काचेला लावायचंच असेल, तर निदान छापखान्याचं नाव सोडून लाव.

तुमची लाडकी,
ताई

ता. क. मामाला किंमत विचारायची हौस आली, तर कांदा भेट मिळाला म्हणून सांगा.