बंदूक रंगाची, बार फुसका

दसरा जवळ आला की नांदुऱ्यात शेतातला कापूस फुटायच्या आधी मोबाइलवर जाहिराती फुटतात. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक बाई हातात रंगाची बंदूक धरते आणि अर्ध्या मिनिटात खोली गुलाबी. फरशीवर थेंब नाही, कपाळावर घाम नाही. खाली ओळ : आता पेंटरची गरज नाही!

पाठोपाठ बाकीची वरात येते. दांड्यात रंग साठवणारा रोलर, कडा मारणारी चाकाची पट्टी, भिंतीवर वेलबुट्टी उमटवणारं रबरी लाटणं. ‘शिडीची भीती विसरा’ असंही कुणी सांगतं. ज्या गावात महामार्गाच्या कडेला १०५ फुटी हनुमान उभा आहे, त्या गावाला दहा फुटी छताची भीती विकायला निघालेत!

आधी हिशेब. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली. दारं-खिडक्या वगळून भिंती साधारण चारशे चौरस फूट. दोन हात मारायचे तर तीन-चार लिटर रंग. दांड्यात मावतो अर्धा लिटर. म्हणजे सहा-आठ वेळा दांडा भरा, पुसा, पुन्हा बसवा. साधा रोलर ट्रेमध्ये बुडवला की कामाला लागतो. काम संपल्यावर तो बादलीत धुऊन होतो. हा दांडेवाला मात्र सुटा करून, नळीत काडी घालून धुवायचा. मे महिन्यात काम काढलं तर हे पाणी कुणाच्या हंड्यातून काढणार?

बंदुकीची तऱ्हा निराळी. तिच्यासाठी रंग पातळ करावा लागतो. पातळ जास्त झाला तर ओघळतो, कमी झाला तर तोटी तुंबते. उडालेला फवारा भिंत आणि टीव्ही यांत भेदभाव करत नाही. पंखा, कपाट, देवघर झाकून होईपर्यंत पेंटर एक भिंत मारून चहाला बसलेला असतो. गाड्यांच्या गॅरेजमध्ये, फर्निचरच्या कारखान्यात, रिकाम्या नव्या बंगल्यात फवारणीचं मोठं यंत्र कामाचं आहे. माणसं राहतात त्या घरात ते खेळणं.

आणि मुळात रंग मारणं हे रंगकामातलं सगळ्यात सोपं काम आहे. घाम निघतो त्याआधी : पोपडे खरवडा, ओल शोधा, लांबी भरा, वाळू द्या, पॉलिश पेपरने घासा, प्रायमर मारा. आपला भाग तर पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याचा. खाऱ्या पाण्यात बांधलेल्या भिंतीला लोणा लागतो, क्षार पांढरी भुकटी होऊन बाहेर येतात आणि वरचा रंग उचलून टाकतात. या लोण्यावर चालणारी बंदूक कुणी विकत नाही. जाहिरातीतली भिंत मात्र नेहमी आधीच गुळगुळीत असते. आजारी माणसाला नवरदेवाचा फेटा बांधावा, तशातली ही गत.

नव्या वस्तूशी वैर नाही. रोलरसुद्धा कधीकाळी नवलच होता. १९४०च्या सुमारास टोरांटोच्या नॉर्मन ब्रेकी यांनी तो काढला असं सांगतात. तो टिकला, कारण ब्रशने तासभर खाणारी रुंद भिंत त्याने झटक्यात उरकली. नव्या वस्तूला हाच एक प्रश्न विचारावा : बाई, तू माझं कोणतं काम वाचवतेस? ‘दिसायला छान आहे’ हे उत्तर आलं तर खरेदीचं बटण सोडावं.

आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी गट्टू हा चित्रातला पोरगा काढला, तेव्हा त्याच्या एका हातात ब्रश होता आणि दुसऱ्या हातात रंगाचा डबा. तेवढ्या सामानावर त्या कंपनीने देशभरच्या भिंती गाठल्या. आपल्याला दोन खोल्या गाठायच्या आहेत.

तेव्हा स्वतः रंगवायचंच असेल तर घ्या : चार इंची चांगला ब्रश, बरा रोलर, त्याला बसणारा लांब दांडा, खरवडायला पत्रा, दोन-तीन नंबरचे पॉलिश पेपर आणि कडांसाठी मास्किंग टेप. यातली टेप पैसे वसूल करते. नाकाला चांगला मास्कही हवा. जुन्या दारांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. असा रंग कोरडा घासू नका, पाणी लावून घासा, आणि पोरांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

बंदुकीचे वाचलेले पैसे पेंटरला द्या. जाहिरात पाहून त्याला यंत्र दाखवायला गेलात, तर तो विचारेल, “यंत्र तुमचं, रंग तुमचा, मग मले कायले बोलावलं भाऊ?” उत्तर सोपं आहे : लांबी भरायला. ती भरणारं यंत्र या जाहिरातींत अजून आलेलं नाही.